शल्यविभागाचा इतिहास : कोणाचे हात, कोणाचे नाव

वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविभागाचा इतिहास बहुधा एकाच साच्यात लिहिला जातो. विभाग अमुक साली सुरू झाला, अमुक डॉक्टर पहिले प्रमुख झाले, त्यांच्यामागून अमुक आले, त्यांनी अमुक शस्त्रक्रिया प्रथम केली. महोत्सवाच्या स्मरणिकेत तसबिरी छापल्या जातात आणि विषय संपतो. मी डॉक्टर नाही. नायगावात इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. सावित्रीबाईंचे नायगाव साताऱ्याकडचे. हे आमचे नायगाव नांदेड जिल्ह्यातले, हैदराबादच्या रस्त्यावरचे. आमच्या वस्त्यांतील मुले आता वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. त्यांतली काही शल्यचिकित्सा घेऊ लागली आहेत. तेथे त्यांना दोन गोष्टी ऐकाव्या लागतात. एक, हा विभाग थोर परंपरेचा आहे. दोन, सर्जनचा हात जन्मजात असावा लागतो, तो राखीव जागेवर मिळत नाही. ही दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीला लावून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीतला 'सर्जरी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ 'हाताचे काम' असा आहे. युरोपातही हाताचे काम हलकेच समजले जाई. पोथी वाचणारा वैद्य वरचा, गळू फोडणारा न्हावी खालचा. लंडनमध्ये न्हावी आणि शल्यक यांचा १५४० पासून एकच संघ होता. तो १७४५ साली फुटला, आणि १८०० साली शल्यकांचे रॉयल कॉलेज उभे राहिले. इंग्लंडात सर्जनला आजही 'डॉक्टर' न म्हणता 'मिस्टर' म्हणतात, ती त्या जुन्या हलकेपणाची खूण आहे. आता तीच खूण ते मानाने मिरवतात. म्हणजे तेथे हुन्नर वर चढला तेव्हा त्या हुन्नराचा हातही त्याच्याबरोबर वर चढला.

आपल्याकडे काय झाले? सुश्रुताच्या ग्रंथात शरीर कसे पाहावे हे सांगितले आहे. प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, ते मऊ झाले की कुंच्याने एकेक थर घासून आतले अवयव प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावेत. तुटलेले नाक गालाच्या कातडीने कसे बसवावे हेही त्यात आहे. ज्या समाजाकडे हे ज्ञान होते त्याच समाजात मनुस्मृतीने वैद्याचे अन्न पुवासमान ठरवले आणि श्राद्धाच्या पंगतीतून वैद्याला उठवले. प्रेताचा विटाळ, रक्ताचा विटाळ, पुवाचा विटाळ. ज्याला विटाळ टाळायचा आहे त्याने शस्त्र हाती कसे धरावे? प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाचा इतिहास लिहिताना हेच कारण नोंदवले आहे. जातिव्यवस्थेने डोके आणि हात यांची फारकत केली, आणि मग दोन्ही खुंटले. राय हे काही आपल्या चळवळीतले कार्यकर्ते नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते. म्हणून त्यांची साक्ष अधिक मोलाची आहे.

पोथीतून शस्त्र गेले, पण माणसांना गळवे होतच होती, बाया बाळंत होतच होत्या, हाडे मोडतच होती. मग ते काम गावगाड्याने वाटून दिले. न्हावी तुंबडी लावी आणि गळू फोडी. मांगीण सुईणपण करी. माझ्या लहानपणी पाटलाच्या वाड्यात शिरायला आमच्या वस्तीतील बाईला एकच दार होते, बाळंतिणीच्या खोलीचे. नाळ कापून झाली, वार पुरून झाली की ती पुन्हा अस्पृश्य. आमचे बापजादे मेलेले जनावर ओढत, सोलत. कातडे कुठून धरावे आणि सांधा कुठे सुटतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. मी या कामांचे गोडवे गात नाही. बाबासाहेबांनी ती कामे सोडा म्हणून सांगितले ते योग्यच होते, कारण ती कामे लादलेली होती आणि त्यांच्या बदल्यात शिळा तुकडा मिळे. मला इतकेच दाखवायचे आहे की हाताचे कौशल्य कोणा एका जातीच्या पोटी जन्मत नाही. ते काम करून येते.

याचा लेखी पुरावा आपल्याच पुण्यात आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. कागदात त्याची नोंद मराठा शेतकरी अशी आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. तो वर्षभर नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. आधी मेणाचे नाक केले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, त्याच्या कडेने खूण केली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. डोळ्यांच्या मध्ये कातडीची एक पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. काथाचा लेप लावला. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापून टाकली. कंपनीच्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिची हकीकत चित्रासह छापली गेली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने अनेक वर्षे विचार केला, १८१४ साली लंडनमध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली पुस्तक लिहिले. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीची सुरुवात येथून धरतात.

त्या हकीकतीत गाडीवानाचे नाव आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव नाही. तो 'वीट भाजणाऱ्या जातीचा' होता एवढेच आहे. महाराष्ट्राने जगाच्या शल्यशास्त्राला जी सर्वांत मोठी देणगी दिली ती एका शूद्र कारागिराच्या हातून दिली, आणि त्याला कोणी नाव विचारले नाही. पेशवाईच्या राजधानीजवळ हे घडले. त्या काळी रमण्यात दक्षिणा वाटली जात होती. शास्त्र्यांच्या याद्या होत्या, दक्षिणेचे हिशेब होते. नाक बसवणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याच यादीत नव्हते. आज सुश्रुताचा पुतळा उभारणाऱ्यांनी त्याच्या शेजारी एक रिकामा चौथरा या माणसासाठी बांधायला हरकत नाही.

आता विद्यापीठाच्या दाराशी येऊ. मुंबईत १८२६ साली डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली आणि १८३२ साली बंद झाली. पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. शेजारी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीचे रुग्णालय उभे राहिले. चार्ल्स मोरहेड पहिले प्राचार्य. १८५१ साली पहिले आठ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत भाऊ दाजी होते, आत्माराम पांडुरंग होते. उच्चवर्णी हिंदू, पारशी, ख्रिस्ती असे हे आठ जण. प्रेताला हात लावण्याचा विटाळ या मुलांनी ओलांडला, हे त्यांचे धैर्यच होते. कलकत्त्यात १८३६ साली मधुसूदन गुप्त यांनी पहिले शवविच्छेदन केले तेव्हा केवढी खळबळ झाली होती. पण हे धैर्य दाखवण्याची संधी कोणाला होती? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारने तो नकार चालू दिला. दुसऱ्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. ज्याला पहिलीच्या वर्गात बसता येत नव्हते त्याने शवविच्छेदनाच्या दालनात विद्यार्थी म्हणून कसे यावे? तो तेथे होताच, पण प्रेत उचलायला आणि फरशी धुवायला. उच्चवर्णीयांनी प्रेताचा विटाळ सोडला. प्रेत उचलणाऱ्याचा विटाळ सोडला नाही. माझ्या मते आपल्याकडच्या शल्यविभागाच्या इतिहासातील मुख्य घटना ही आहे. हुन्नर वर चढला आणि हात खालीच ठेवला गेला.

याला अपवाद होते. गवळी समाजातील डॉ. विश्राम रामजी घोले शल्यवैद्य झाले, व्हाइसरॉयचे मानद सर्जन झाले, आणि सत्यशोधक समाजाचे अध्यक्षही झाले. जोतीरावांच्या आजारात त्यांनीच उपचार केले. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्याबाहेर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचे प्लेग झालेले पोर सावित्रीबाईंनी पाठीवर आणले, आणि त्याच साथीत त्या गेल्या. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या याद्यांत ही नावे शोधून उपयोग नाही. पण वैद्यकाचा मूळ धर्म, म्हणजे स्पर्श, कोणी पाळला हे सांगताना ती वगळता येत नाहीत.

ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका इंग्रजाचीही गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ साली तेथे शरीररचनेचे प्राध्यापक म्हणून आले, पुढे प्राचार्य झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये 'ग्रेज अॅनाटमी' हे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यातील सर्व चित्रे कार्टर यांची. पण पुस्तक ग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. मुखपृष्ठावर कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत गेले, कारण ग्रे यांनीच ते तसे करवून घेतले. आणि ज्यांची शरीरे कापून ही चित्रे काढली ते लंडनच्या निराधारगृहांतील आणि इस्पितळांतील गरीब. त्यांची नावे लहान अक्षरांतही नाहीत. भारतात आल्यावर कार्टर यांनी महारोगाचा आणि अनवाणी शेतमजुरांच्या पायाला होणाऱ्या 'मदुरा पाया'चा अभ्यास केला. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना मिळू लागली. बेवारस कोण असतो हे तुम्हांला आणि मला वेगळे सांगायला नको. गरिबाने मेल्यावरही विद्यापीठाला दान दिले आहे, आणि त्याची पावती कोणी फाडलेली नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या मोठ्या खुर्च्या गोऱ्या आय.एम.एस. अधिकाऱ्यांच्या होत्या. हिंदी डॉक्टर कितीही शिकला तरी त्याला प्राध्यापकपद मिळणे कठीण. कारण काय दिले जाई? दर्जा राहणार नाही. याविरुद्ध मुंबईच्या हिंदी डॉक्टरांनी वर्षानुवर्षे लढा दिला. त्याचे फळ म्हणजे १९२६ साली परळला सुरू झालेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. रुग्णालय. देणगीदारांच्या विश्वस्तांची अट अशी होती की तेथे शिकवणारे सर्व हिंदीच असावेत, आणि सरकारी नोकरीतले नसावेत. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले. ही अट म्हणजे दुसरे काय होते? ती शंभर टक्के राखीव जागांचीच तरतूद होती. त्या राखीव जागांवर आलेल्यांनी दर्जा बुडवला नाही, वाढवला. तो लढा योग्य होता असे मी मानतो. पण ज्यांच्या आजोबांना गोऱ्या साहेबाने 'तुमच्या हाताला दर्जा नाही' म्हणून दाराबाहेर उभे केले, त्यांच्याच नातवांनी तेच वाक्य पुढे आमच्या मुलांना ऐकवले.

स्वातंत्र्यानंतर मद्रासमधील वैद्यकीय आणि अभियांत्रिकी जागांच्या जातवार वाटणीविरुद्ध चंपकम दोराईराजन खटला झाला. त्याच्या निकालामुळे १९५१ साली घटनेची पहिली दुरुस्ती करावी लागली आणि कलम १५ (४) आले; तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते. १९८१ साली अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून पदव्युत्तर राखीव जागांविरुद्ध आंदोलन सुरू झाले. जागा होत्या थोड्या. मार मात्र गावोगावच्या दलित वस्त्यांनी खाल्ला, ज्यांतल्या कित्येकांनी महाविद्यालयाचे दारही पाहिले नव्हते. पदव्युत्तर शिक्षणात हुन्नर हातात येतो, सर्जनचा सर्जन घडतो. दार अडवले गेले ते नेमके तेथे.

के.ई.एम.च्या शल्यविभागाचे सर्वांत गाजलेले प्रमुख डॉ. प्रफुल्लकुमार सेन. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत डॉ. जी. बी. परुळकर होते, हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत बार्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण करून अडीच महिनेच झाले होते. अमेरिकेबाहेर आणि केपटाऊनबाहेर असे धाडस प्रथम परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात झाले. रुग्ण काही तासच जगला. यशस्वी हृदयारोपण दिल्लीला १९९४ साली झाले. सेन यांचा मोठेपणा मी कमी लेखत नाही. गिरणगावच्या रुग्णालयात, महापालिकेच्या तुटपुंज्या पैशांत, कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून त्यांनी ही तयारी केली होती. माझा प्रश्न त्या प्रयोगशाळेबद्दल आहे. कुत्री आणणारे, त्यांना धरणारे, शस्त्रक्रियेनंतर रात्रभर त्यांच्याजवळ बसणारे हात कोणाचे होते?

हा प्रश्न इतर देशांत विचारला गेला आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९४४ साली निळ्या पडणाऱ्या बालकांवर जी शस्त्रक्रिया झाली ती आधी कुत्र्यांवर बसवली होती व्हिव्हियन थॉमस या काळ्या तंत्रज्ञाने. तो सुताराचा मुलगा, कॉलेजात न गेलेला. मोठे सर्जन ब्लेलॉक शस्त्रक्रिया करीत तेव्हा थॉमस त्यांच्यामागे स्टुलावर उभा राहून सूचना देई. आधीच्या नोकरीत त्याची नोंद झाडूवाल्याच्या हुद्द्यावर होती. त्याची तसबीर भिंतीवर लागली आणि १९७६ साली विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. केपटाऊनला हॅमिल्टन नाकी हा विद्यापीठाचा माळी प्रयोगशाळेत आला आणि तरुण सर्जनांना प्राण्यांवरील रोपण शिकवू लागला. पहिल्या हृदयारोपणातच त्याचा हात होता ही कथा पुढे खोटी ठरली. ती आपण सांगू नये. खऱ्या कामगिरीला खोट्या अलंकाराची गरज नसते. २००३ साली त्याच्या विद्यापीठाने त्याला सन्माननीय पदवी दिली. तेथे हे घडले. आपल्या चळवळीने अजून हे काम हाती घेतलेले नाही.

आता शेवटचा प्रमुख, जो मला सर्वांत जवळचा वाटतो. डॉ. नोशीर अंतिया पारशी. इंग्लंडात प्लास्टिक सर्जरी शिकून आले आणि जे.जे. रुग्णालयात त्यांनी त्या विषयाचा विभाग उभा केला. धनवंतांची नाके सरळ करून ते सुखाने राहू शकले असते. त्यांनी महारोग्यांची वाकडी बोटे आणि बसलेली नाके हाती घेतली. पुण्याजवळ कोंढव्याच्या महारोगी रुग्णालयात त्यांनी हे काम केले, आणि महारोग्याला साध्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात जागा मिळाली पाहिजे असा आग्रह धरला. हा आग्रह म्हणजे अस्पृश्यतेविरुद्धचाच लढा होता. पुढे त्यांनी १९७५ साली सामाजिक आरोग्य संशोधनाची संस्था काढली आणि अलिबागजवळच्या मांडव्याच्या परिसरात अल्पशिक्षित बायांना आरोग्याचे काम शिकवले. या बाया ते काम उत्तम करतात हे दिसले तेव्हा गावचे बडे लोक बिथरले आणि प्रकल्प तेथून हलवावा लागला. ज्ञान खाली उतरले की वरचे आसन डळमळते, हे अंतियांना प्रयोगाने कळले. आपल्याला जन्माने ठाऊक होते.

या सगळ्याचा मराठवाड्याशी काय संबंध? आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ ची. तेथे १८८८ आणि १८८९ साली एडवर्ड लॉरी या सर्जनच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले, निजामाचा पैसा खर्च झाला, जगभर चर्चा झाली. त्या पैशात आमच्या रयतेचा साराही होता. पण मराठवाड्याच्या मातीत वैद्यकीय महाविद्यालय यायला १९५६ साल उजाडले, तेही औरंगाबादला. आमच्या नांदेडला ते १९८८ साली आले. औरंगाबादचे महाविद्यालय ज्या विद्यापीठाला जोडलेले होते त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला, तेव्हा मराठवाड्यात घरे जळाली. आमच्या नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांचे जीव गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव लागले. एका नावाला सोळा वर्षे. भिंतीवर कोणाचे नाव लागते हा प्रश्न किरकोळ आहे असे जे म्हणतात त्यांनी हा हिशेब पाहावा.

आणि २०२३ चा ऑक्टोबर पाहावा. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके. औषधे, माणसे, यंत्रे यांचा जाब ज्यांना विचारायचा त्यांना कोणी विचारला नाही. ३ तारखेला एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करवून घेतले, आणि त्याचे चित्र देशभर फिरले. खासदारावर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. खटल्याचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. मी चित्राबद्दल बोलतो. माणूस शिकला, डॉक्टर झाला, महाविद्यालयाचा प्रमुख झाला; पण त्याचा अपमान करावा असे वाटले तेव्हा हाती झाडूच द्यावासा वाटला. शौचालय साफ करणे अपमानाचे का वाटते? कारण ते काम रोज करणारा माणूस आपण माणसांत धरत नाही. अधिष्ठात्यांचा अपमान ज्यांना टोचला त्यांनी त्याच रुग्णालयातील सफाई कामगाराकडेही एकदा पाहायला हवे होते.

म्हणून शल्यविभागात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे एक सांगणे आहे. तुम्ही सुरी हाती घेतली आहे, ती सोडू नका. 'हात जन्मजात असतो' असे कोणी म्हणाले तर त्याला पुण्याच्या वीट भाजणाऱ्याची हकीकत सांगा. आणि तुमच्या विभागाचा इतिहास तुम्ही लिहा. प्रमुखांची नावे त्यात असू द्या, ती त्यांनी कमावली आहेत. पण त्यांच्याबरोबर शवागारात तीस वर्षे काम केलेल्या कामगाराचे, ड्रेसिंग करणाऱ्याचे, ऑपरेशनच्या खोलीतील आयाचे, रक्ताची चादर धुणाऱ्याचे नाव, गाव आणि सेवेची वर्षे लिहा. ती माणसे अजून हयात आहेत, निवृत्त होऊन आपापल्या वस्त्यांत राहतात. त्यांच्याकडे जा, विचारा, वहीत उतरवून घ्या. काम अवघड नाही. यंदाच्या सुट्टीत सुरू करता येईल.